टिचकी मारून बघा



मागच्या महिन्यात जुने फोटो स्कॅन कसे करायचे यावर लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "फोटोंचं झालं, पण आवाजाचं काय? आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं असेल तर?" मी मोठ्या थाटात कळवलं की पुढचा लेख त्यावरच. घरात डेस्कटॉप आहे, हेडसेट आहे, आजीही आहे. मग अडचण कसली?

अडचण काय झाली तेच आज सांगते, कारण माझं जे गेलं ते तुमचं जाऊ नये.

आमची आजी पंच्याऐंशीची. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं तिने बडोद्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली. दुसऱ्या गावी फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट बघावी लागायची, त्या काळातली ती ऑपरेटर. नोकरीबद्दल ती फारसं बोलत नाही. "लोकांचं बोलणं आमच्या कानावरून जायचं, ते पोटात ठेवायचं," एवढंच. पण यंदा पावसाळ्यात एका संध्याकाळी हिंचक्यावर बसून ती आपण होऊन म्हणाली, "पानशेतच्या वेळी मी बोर्डावर होते." मी लगेच म्हटलं, "थांब आजी, हे रविवारी रेकॉर्ड करू."

तुम्ही म्हणाल, मोबाइल होता की हातात. होता. पण आजीला मोबाइल तोंडापुढे धरून बोलायला फावत नाही, लगेच भाषण दिल्यासारखी बोलायला लागते. फोन लांब टेबलावर ठेवला तर पंखा आणि दांडिया बाजारची अख्खी वाहतूक आधी रेकॉर्ड होते, आजी नंतर. माइक जितका तोंडाजवळ, तितका बोलणाऱ्याचा आवाज मोठा आणि बाकीचा गोंधळ लहान. अंतर निम्मं केलं की पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता साधारण चौपट होते. म्हणून हेडसेट. भावाने ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला, तोंडापुढे दांडी असलेला माइकवाला हेडसेट पडूनच होता.

रविवारी मागच्या खोलीत आजीला खुर्चीवर बसवलं, हेडसेट घातला, त्याची पिन डेस्कटॉपच्या पुढच्या हिरव्या जॅकमध्ये लावली. आजीला एक गाणं ऐकवलं. "ऐकू येतंय," ती म्हणाली. म्हणजे हेडसेट चालतोय. रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर आवाजाची पट्टी वरखाली होत होती. म्हणजे माइकही चालतोय. मी निर्धास्त झाले.

आजी सत्तेचाळीस मिनिटं बोलली. मी मधूनमधून "हं, हं" म्हणत होते आणि नजर पट्टीवर आणि घड्याळावर ठेवून होते.

रात्री फाइल लावली. पहिल्यांदा पंखा ऐकू आला. मग आमच्या बारीखालून गेलेला भाजीच्या लारीवाला, अगदी स्पष्ट. मग आईच्या कुकरच्या शिट्ट्या. मग माझं "हं", इतकं खणखणीत की मीच दचकले. आणि या सगळ्याच्या मागे, विहिरीच्या तळातून आल्यासारखी, आजी. एखादा शब्द कळत होता, पुढचे चार नाही. "पुणे" कळलं. "चिठ्ठ्या" कळलं. जिथे तिचा आवाज खाली गेला तिथे तर काहीच कळलं नाही, आणि महत्त्वाचं सगळं तिने खालच्या आवाजातच सांगितलं होतं.

झालं होतं असं, की हेडसेटचा माइक बंदच होता. कॉम्प्युटर ऐकत होता मॉनिटरवर बसवलेल्या वेबकॅमच्या माइकमधून. मी वेबकॅमच्या शेजारी बसले होते आणि आजी पलीकडच्या खुर्चीत. म्हणून जिने काहीच सांगितलं नाही तिचा आवाज छान आला, आणि जी सांगत होती तिचा गेला.

आता दुरुस्तीकडे वळते. माझे दोन रविवार गेले, तुमची पंधरा मिनिटं जावीत. क्रमाने बघा.

एक. हेडसेटवरचं बटण. वायरीवर आवाजाचं छोटं चाक असतं, त्याच्याच शेजारी माइक बंद करायचं बटण. काही हेडसेटमध्ये माइकची दांडी वर केली की माइक आपोआप बंद होतो. हसू नका, आधी हेच बघा.

दोन. पिनवरचे पट्टे मोजा. माझी खरी चूक इथे होती. हेडसेटच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनवर बारीक काळे पट्टे असतात. दोन पट्टे म्हणजे पिनचे तीन भाग: डाव्या कानाचा आवाज, उजव्या कानाचा आवाज आणि दोघांची सामाईक तार. तीन पट्टे म्हणजे चार भाग, त्यातला चौथा माइकचा. ही चार भागांची पिन मोबाइलसाठी असते. मोबाइलमध्ये एकाच जागेतून आवाज बाहेर येतो आणि आतही जातो.

डेस्कटॉपमध्ये बहुधा दोन वेगळे दरवाजे असतात. हिरव्या जॅकमधून आवाज बाहेर येतो, गुलाबीमधून आत जातो. मागच्या बाजूला फिकट निळाही दिसतो, तो दुसऱ्या यंत्रातला आवाज आत घ्यायचा. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ठरवून दिले, आणि आजही बहुतेक डेस्कटॉपवर तेच आहेत. चार भागांची पिन हिरव्या जॅकमध्ये घातली की गाणं व्यवस्थित ऐकू येतं, पण माइकच्या तारेला तिथे कुणी विचारत नाही. शिवाय हेडसेटच्या छोट्या माइकला चालायला किंचित वीज लागते, ती गुलाबी जॅक पुरवतो, हिरवा नाही. म्हणजे कानात आवाज येतो म्हणून माइक चालत असेल, हा हिशोबच चुकीचा.

तुमच्या कॅबिनेटच्या पुढे एकच जॅक असेल आणि त्यावर माइकसकट हेडसेटचं चित्र असेल, तर तो चार भागांच्या पिनसाठीच आहे. मग पुढचा खर्च वाचला.

तीन. दोन शेपट्यांची वायर. एका बाजूला हेडसेटची पिन आत घ्यायची जागा, आणि दुसऱ्या बाजूला दोन पिना: एकीवर माइकचं चित्र, एकीवर हेडफोनचं. माइकची गुलाबीत, हेडफोनची हिरव्यात. मरीमाताच्या खांच्यात गेले आणि "स्प्लिटर द्या" म्हटलं. घरी येऊन बघते तर ती एका मोबाइलवर दोघांनी गाणी ऐकायची वायर: एक पिन आणि दोन जागा. नेमकी उलटी. दुसऱ्या दिवशी हेडसेट आणि डेस्कटॉपच्या जॅकचा फोटो घेऊन गेले. दुकानदार फोटो बघून हसला आणि एकशेवीस रुपयांत बरोबर वायर दिली. तुम्ही पहिल्याच फेरीत फोटो न्या.

चार. पुढचे जॅक की मागचे? वायर आली, पुढच्या गुलाबी जॅकमध्ये लावली, तरी चिडीचूप. कॅबिनेटचे पुढचे जॅक आतून एका बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. जुळवून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये ती वायर कधी लावायची राहून जाते, कधी साफसफाईत निघते. मागचे जॅक थेट मदरबोर्डवरच असतात. मागच्या गुलाबीमध्ये लावल्यावर आमचा माइक जिवंत झाला. मागे वायर पुरत नसेल तर खुर्ची पुढे सरकवा, पण आधी मागेच लावून बघा.

पाच. कॉम्प्युटर कुणाचं ऐकतोय? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग साउंड. तिथे खाली 'इनपुट' आहे. वेबकॅम आणि हेडसेट दोन्ही जोडलेले असतील तर दोन्ही माइक तिथे दिसतात, आणि निवडलेला कोणता आहे ते कॉम्प्युटर आपणहून मोठ्याने सांगत नाही. आपला निवडायचा. आपला दिसतच नसेल तर त्याच पानावर खाली 'मोर साउंड सेटिंग्ज' उघडा. जुन्या पद्धतीची छोटी खिडकी येते. तिच्या 'रेकॉर्डिंग' भागात मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस' निवडा. लपलेला माइक करड्या रंगात दिसला तर त्याच्यावर राइट क्लिक करून 'एनेबल' करा.

मग सेटिंग्जमध्येच प्रायव्हसीच्या पानावर 'मायक्रोफोन' आहे. तिथे परवानग्यांची बटणं असतात. वरचं मुख्य बटण चालू हवं, आणि डेस्कटॉपवर घेतलेल्या प्रोग्रामसाठी यादीच्या खाली वेगळं बटण आहे तेही. पुष्कळ जण वरचं बघून परत येतात.

सहा. प्रोग्रामची स्वतःची निवड. रेकॉर्डिंगचा किंवा व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम आपला माइक वेगळा निवडून ठेवतो. विंडोजमध्ये हेडसेट आणि प्रोग्राममध्ये वेबकॅम, असं सर्रास होतं. ब्राउझरमधून बोलत असाल तर त्या साइटला माइकची परवानगी दिली आहे का, हेही बघा.

सात. आवाज लहान येत असेल तर. त्याच जुन्या खिडकीत माइकवर दोनदा क्लिक केलं की 'लेव्हल्स' मिळतात. आधी मुख्य पट्टी वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर खालचा 'बूस्ट' एकेक पायरीने वाढवा. एकदम टोकाला नेलात तर आजीबरोबर खरखरही वाढेल. माइक ओठांसमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापाशी दोन बोटं अंतरावर हवा, म्हणजे 'फ' आणि 'भ' म्हणताना फुंकर थेट आत जात नाही.

एवढं सगळं नको असेल तर यूएसबी हेडसेट घ्या. त्याच्यात स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं, त्यामुळे गुलाबी-हिरव्याचा प्रश्नच येत नाही. फक्त पाचवी आणि सहावी पायरी तेवढी करावी लागते. ब्लूटूथ हेडसेट बोलायला ठीक, पण बहुतेकांमध्ये माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो. जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगला वायरच बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते मला आजीने शिकवलं.

दुसऱ्या रविवारी मी टेबलाखाली वाकून मागच्या जॅकशी झटापट करत होते. आजी हेडसेटची पिन हातात घेऊन निरखत होती. "आमच्या पिना जाड असायच्या," ती म्हणाली, "पण घडण हीच." आणि ते खरंच आहे. आपल्या हेडफोनची पिन ही टेलिफोन एक्सचेंजच्या पिनेचीच धाकटी बहीण. एकोणिसाव्या शतकातल्या स्विचबोर्डांसाठी ती बनली. पिनच्या भागांना टिप, रिंग, स्लीव्ह म्हणतात ती नावंही तिथलीच. साठ वर्षांपूर्वी रोज शेकडो पिना लावणाऱ्या बाईला मी "आजी, हे असं कानाला लावतात" असं समजावत होते!

"तुम्हाला कसं कळायचं गं, लाइन मोकळी आहे की नाही?" मी विचारलं.

"पिन आत घालायच्या आधी तिचं टोक जॅकच्या कडेला टेकवायचं. टक् वाजलं की समजायचं, लाइनवर कुणीतरी आहे. नाही वाजलं तर मोकळी. बघितल्याशिवाय पिन घालायची नाही, बोलायचं तर नाहीच." मग मला म्हणाली, "तू गेल्या वेळी टक् केलं होतंस?"

नव्हतं केलं. तीच तर परीक्षा. रेकॉर्डिंग सुरू करा आणि हेडसेटच्या माइकच्या टोकाला नखाने हलकी टिचकी मारा. पट्टी एकदम उसळली तर कॉम्प्युटर याच माइकचं ऐकतोय. जराशीच हलली किंवा हललीच नाही, तर तो दुसरं काहीतरी ऐकतोय. नुसती पट्टी हलते यावर विसंबू नका, पट्टी पंख्यानेही हलते. टिचकीनंतर दहा सेकंद बोला, थांबवा, आणि परत ऐका. ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझं हे एक मिनिट वाचवण्यात सत्तेचाळीस मिनिटं गेली.

टिचकी मारली. पट्टी उसळली. बारी बंद, पंखा बंद, आईला कुकर थांबवायला सांगितलं. दहा सेकंदांचं परत ऐकवलं तर आजी म्हणते, "ही कोण म्हातारी?" आपण स्वतःचा आवाज हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. त्यामुळे तो आपल्याला जास्त भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून गेलेला आवाज असतो, म्हणून प्रत्येकाला आपलाच आवाज परका वाटतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आपला आवाज ऐकून घरातली मोठी माणसं अवघडतात आणि बोलायचीच थांबतात.

मग आजीने विचारलं, "गेल्या वेळचं कुठपर्यंत आलंय? तिथून पुढे सांगते."

मी म्हटलं, सगळंच पुन्हा सांग. ती म्हणाली, "काय काय सांगितलं होतं मी?" आणि मला सांगता येईना. मी खोलीत होते, हाताच्या अंतरावर. पण मशीन ऐकतंय म्हणून मी ऐकलंच नव्हतं.

तिने पुन्हा सांगितलं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, त्या दिवशीची गोष्ट. तिला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. बडोद्यात घरटी कुणीतरी पुण्यात. बातमी कळली तशा पुण्याच्या ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्या साचत गेल्या आणि लाइन लागत नव्हती. तिचा मोठा भाऊ तेव्हा नारायण पेठेत खोली घेऊन राहत होता. नारायण पेठ म्हणजे नदीकाठ. तिनेही एक चिठ्ठी लिहिली, त्याच्या मालकांच्या घरचा नंबर घालून, आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली. "आधी लोकांच्या. आपण बोर्डावर बसलोय म्हणून आपला नंबर पुढे घ्यायचा नसतो." दिवसभर ती लोकांना "लाइन मिळत नाही, थांबा" असं सांगत राहिली. तिचा नंबर आलाच नाही. चौथ्या दिवशी भावाची तार आली, सुखरूप असल्याची. घरी सगळे रडले. ती जेवून ड्यूटीला गेली.

हे सगळं बावीस मिनिटांत झालं. आवाज स्वच्छ आहे, श्वाससुद्धा ऐकू येतो. पण पहिल्या वेळेला सत्तेचाळीस मिनिटं लागली होती. मला पुसटसं आठवतं, त्यात एका छत्रीचं काहीतरी होतं. भावाची छत्री, किंवा कुणी एक्सचेंजच्या दारात विसरून गेलेली. सांगताना आजी थांबली होती, आणि मी तेव्हा घड्याळ बघत होते.

"आजी, ते छत्रीचं काय होतं?"

तिने आठवून बघितलं. "छत्री? मी म्हणाले होते का?" जरा वेळाने म्हणाली, "पाऊस होता ना. असेल काहीतरी."

पहिली फाइल मी पुसलेली नाही. आवाज स्वच्छ करायचे प्रोग्राम लावून बघितले, पंखा थोडा मागे गेला, छत्री काही सापडली नाही. एकदा रेकॉर्ड झालेला गोंधळ कमी करता येतो. माइकपर्यंत जे पोचलंच नाही ते मागाहून आणता येत नाही.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत घरी जाल तेव्हा हेडसेटची पिन आधी तपासून ठेवा. बरोबर वायर आधीच आणा. टिचकी मारा, दहा सेकंद ऐका. मग रेकॉर्डिंग सुरू करून मॉनिटरकडे पाठ करून बसा, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत ऐका. "हं" मनातल्या मनात म्हणा.

आजी आता दर रविवारी बसते. हेडसेट घातला की स्वतःच माइकला नखाने एक टिचकी मारते आणि माझ्याकडे बघून विचारते, "टक् आलं? मग सांगते."

पुढच्या महिन्यात: या फाइली कुठे आणि किती ठिकाणी जपायच्या, म्हणजे एक हार्ड डिस्क बिघडली तरी आजी घरातच राहील.